शेजारचा ब्रेक

शांतसरांना टेन्शन येत नाही, ही गोष्ट त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळ्यांना पाठ होती. खुद्द सरांना तर ती इतकी पाठ होती की बऱ्याच वर्षांत त्यांनी ती तपासूनही पाहिली नव्हती.

स्कूलमधले बाकीचे शिकवणारे डॅशबोर्डवर मुठी आपटायचे. एक जण तर शिकणाऱ्याने गिअर चुकवला की त्याच्या अख्ख्या खानदानाच्या अकलेची चौकशी करायचा. शांतसर मात्र खिडकीबाहेर बघत, "हं, आता डावीकडे घ्या," असं म्हणायचे, तेही इतक्या हळू की शिकणाऱ्याला वाटावं, आपल्याच मनात आलं. एकदा एका निवृत्त बाईंनी गाडी सरळ बेकरीच्या पायरीवर चढवली. सरांनी पायरीकडे पाहिलं, आतून धावत आलेल्या बेकरीवाल्याला नमस्कार केला आणि बाईंना म्हणाले, "छान. आता रिव्हर्स शिकू या." त्या दिवसापासून त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही. पुढे तो बेकरीवालाही गाडी शिकायला त्यांच्याकडेच आला.

आता शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. तो शिकवणाऱ्याचा. त्याची एक शिस्त असते. शिकवणाऱ्याने पाय मॅटवर सपाट ठेवायचा. अगदीच गळ्याशी आलं तर ब्रेक दाबायचा, आणि दाबताक्षणी मोठ्याने म्हणायचं, "माझा!" म्हणजे शिकणाऱ्याला कळतं की गाडी आपण थांबवलेली नाही, तेव्हा उगाच छाती फुगवायला नको. ही पद्धत स्कूलमध्ये सरांनीच आणली होती आणि नव्या शिकवणाऱ्यांना ते ती पहिल्याच दिवशी सांगत. त्यांनी स्वतः "माझा" म्हटल्याला मात्र आता कित्येक महिने झाले होते. म्हणजे पाय लागलाच नव्हता. मामला सरळ होता.

मामला सरळ असूनही सरांचे विद्यार्थी मात्र धडाधड नापास व्हायला लागले होते.

आधी चष्म्याच्या दुकानातली मुलगी नापास झाली. मग दातांच्या डॉक्टरीणबाई. मग बेकरीवाला, ज्याने पास होणारच म्हणून आदल्या दिवशी दुकानाबाहेर गाडीसाठी जागा झाडून ठेवली होती. परीक्षा घेणारे साहेब सरांना चांगले ओळखत. ते एकदा त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "सर, राग मानू नका, पण तुमच्या मुलांना झालंय काय? स्टिअरिंग झकास, आरसे झकास. वळण आलं की मात्र नुसती वाट बघत बसतात. कशाची बघतात देव जाणे. आणि गाडी तशीच घुसते आत."

"माझ्यासोबत तर व्यवस्थित हळू करतात," सर म्हणाले.

"तेच तर ते सगळे सांगतात."

सरांनी यावर शांतपणे विचार केला आणि हल्लीच्या लोकांचं लक्षच थाऱ्यावर नसतं, असा निष्कर्ष काढला. स्कूलच्या मालकीणबाईंनाही त्यांनी तेच सांगितलं. मालकीणबाईंना ते पटलं नाही, पण शांतसरांवर ओरडायचं कसं हे स्कूलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच सुमारास सरांची उजवी पोटरी दुखायला लागली. डावी नाही, उजवीच. त्यांच्या उजव्या बुटाचा तळवाही पुढच्या बाजूला झिजून पातळ झाला होता, आणि डावा बूट तर दुकानातून आजच आणल्यासारखा दिसत होता. बूट दुरुस्त करणाऱ्याने विचारलं, "सर, एका पायाने चालता की काय?" सरांनी त्याला समजावून सांगितलं की हल्ली कंपन्या उजवे बूट नीट बनवत नाहीत.

पोटरीसाठी ते डॉक्टरकडे गेले. बाहेर बाकावर बसल्या बसल्या समोरच्या भिंतीवरचा तक्ता त्यांनी वाचून काढला. ताण कसा ओळखावा, असं वर लिहिलं होतं. झोप नीट न लागणे. चिडचिड. जबडा आवळून धरणे. अन्नावरून वासना उडणे. एकच काम पुन्हा पुन्हा करणे. सरांनी तक्ता अगदी मन लावून वाचला. चिडचिड वाचल्यावर त्यांना मालकीणबाई आठवल्या. जबडा वाचल्यावर त्यांनी समोर नंबर पुकारणाऱ्या बाईंकडे पाहिलं आणि त्यांना त्या बिचारीची दया आली. झोपेबद्दल वाचताना बायकोचं आठवलं, कारण हल्ली तीही वरचेवर जागीच असायची. का, तर म्हणे सर झोपेत लाथा मारतात. एकंदरीत आपल्या ओळखीत फार लोक तणावाखाली आहेत, असं सरांच्या लक्षात आलं. उजव्या पायाबद्दल तक्त्यावर काही नव्हतं.

"काही टेन्शन वगैरे?" डॉक्टरांनी पोटरी दाबत विचारलं.

"कुणाला, मला?"

डॉक्टरही गाडी सरांकडेच शिकले होते. ते हसले आणि त्यांनी मलम लिहून दिलं.

खरं सांगायचं तर टेन्शन घ्यायला सरांकडे कारण होतं. त्यांच्या एकुलत्या एका लेकीला नोकरी लागली होती. फिरत्या नर्सची. लांब डोंगरात, एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर औषधांची गाडी घेऊन जायचं, बाळंतिणी बघायच्या, म्हाताऱ्यांच्या जखमा धुवायच्या. शाळेत होती तेव्हापासून पोरीला हेच करायचं होतं. अट एकच होती: गाडी स्वतः चालवायची, आणि रुजू व्हायच्या आत लायसन्स हातात पाहिजे. पोरगी दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर पुढची परीक्षा देईपर्यंत तिची जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती. नोकरी देणाऱ्यांनी तसं तिला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं.

आणि दोन्ही वेळा ती वळणावरच नापास झाली होती. शांतसरांची लेक, आणि वळणावर! सरांनी तिला घेऊन रोज संध्याकाळी सराव चालवला होता. त्यांच्यासोबत ती लोण्यासारखी गाडी चालवायची. प्रत्येक वळणाला गाडी अलगद हळू व्हायची. "आता काय अडचण आहे?" सर म्हणायचे. "काहीच नाही," लेक म्हणायची, आणि दोघांनाही काही कळायचं नाही.

सरांची बायको पोहायला शिकवायची. तलावाच्या उथळ बाजूला कमरेइतक्या पाण्यात उभं राहून, लहान पोरांच्या पोटाखाली हात धरून. ती स्वभावाने अजिबात शांत नव्हती. तिचा आवाज तलावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा, घरात तर काय विचारूच नका. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आज मी पण येते. मागे बसते."

"तू कशाला?"

"हवा खायला."

ती मागे बसली आणि तिने हवा खाल्ली नाही. तिने सरांचा गुडघा बघितला. दोन सीटच्या मधल्या फटीतून तेवढाच दिसत होता. प्रत्येक वळणाआधी तो गुडघा थोडासा पुढे सरकायचा आणि वळण सरलं की मागे यायचा. सर मात्र खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचा चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा शांत होता. बायको काही बोलली नाही. नवऱ्याला नुसतं सांगून उपयोग नसतो, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने तलावावरच्या फळ्याचा एक जाड खडू आणला, सर आंघोळीला गेल्यावर गाडीत शिरली आणि शेजारच्या ब्रेकवर तो उगाळ उगाळ उगाळला.

बापलेक सराव करून परत आले ते जेवायच्या वेळेला. सरांची लगेच पुढची शिकवणी होती, म्हणून ते बूट न काढताच टेबलाशी बसले. एरवी कुणी बुटांनी आत आलं की बायको घर डोक्यावर घ्यायची. आज ती एक अक्षर बोलली नाही. तिथेच खरं तर त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

लेक खुशीत होती. आज एकही चूक झाली नव्हती. जेवता जेवता ती तिकडच्या खोलीबद्दल सांगत होती. रस्ता जिथे संपतो तिथलं शेवटचं घर. मागे ओढा. वर जायला एकच रस्ता, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. "काही नाही म्हणजे?" आईने विचारलं. "काही नाही म्हणजे दरी, आई." सर जेवत होते. भाजीत मीठ बेताचं आहे, असं ते म्हणाले.

जेवण झाल्यावर बायको म्हणाली, "अहो, जरा उजवा पाय वर करा."

"का?"

"करा म्हणते ना."

सरांनी पाय वर केला. तळव्याच्या पुढच्या भागावर पांढरा लेप होता.

"माती लागली असेल," सर म्हणाले.

"पांढरी?" तिने दोघांना बाहेर नेलं आणि गाडीचं दार उघडून दाखवलं. ब्रेकच्या कडांना खडू तसाच होता आणि मधला भाग घासून काळाभोर चकचकीत झाला होता. काय केलं होतं ते तिने सांगितलं. सरांनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, गाडी हादरते, हादऱ्याने पाय घसरून लागू शकतो, मॅटही जुनं झालंय, मालकीणबाईंना कधीचं सांगतोय.

"बरं," बायको म्हणाली. "चला आत."

दारापासून टेबलापर्यंत सरांच्या बुटाचे पांढरे ठसे होते, एकेक पाऊल पुसट होत गेलेले. खुर्चीशी आले तेव्हा ते जवळजवळ दिसेनासे झाले होते. बायकोने खुर्ची ओढली आणि टेबलावरचं कापड वर धरलं. टेबलाखाली, सरांचा उजवा पाय असायचा त्या जागी, फरशीवर एक पांढरा डाग होता. ठसा नव्हे, डाग. एकाच जागी पाय पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा दाबल्यावर बुटाच्या फटीफटीतला खडू निघून व्हावा तसा.

"गाडी हादरते, एक वेळ मानलं," बायको म्हणाली. "इथे काय हादरत होतं?"

सर त्या डागाकडे बघत राहिले. त्यांना दरी आठवली. एका बाजूला काही नाही, असं पोरगी म्हणाली होती आणि आपण मिठाबद्दल बोललो होतो. नोकरीचं कळलं त्या दिवसापासूनची सगळी वळणं त्यांना एकामागून एक दिसली. चष्म्याच्या दुकानातली मुलगी, डॉक्टरीणबाई, बेकरीवाला. या सगळ्यांच्या वळणावर आपण पाय ठेवून बसलो होतो. त्यातला एकही ब्रेक त्यांचा नव्हता.

मग सर फरशीकडे बघतच म्हणाले, "माझा."

लेकीचा चेहरा उतरला. "म्हणजे मी चालवतच नव्हते," ती म्हणाली. "इतके दिवस मला वाटत होतं, मला येतं. आजसुद्धा मला वाटलं की किती छान जमलं. बाबा, ते सगळं तुमचं होतं!"

"अगं, मला कळलं नाही..."

"तुम्हाला कळलं नाही म्हणून मी दोनदा नापास झाले!"

ती उठून बाहेर गेली. तिचा राग अगदी रास्त होता. बायकोने फडकं आणलं, पण फरशी पुसली नाही. ती म्हणाली, "मी पण पोरांच्या पोटाखाली हात धरते. काही पोरांना वाटतं, आपणच तरंगतोय. वाटू दे. पण माझा हात तिथे आहे, हे मला माहीत असतं, म्हणून तर काढता येतो. तुम्ही तुमचा पाय काढणार कसा? तुमच्या लेखी तो तिथे नव्हताच."

"मला टेन्शन येत नाही गं कधी."

"हो ना. सगळं पायाला येतं."

सर बाहेर आले. लेक गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी बंद. डोळे पुसून झालेले दिसत होते. सर शेजारच्या सीटवर बसले. पाय मॅटवर ठेवले. उजव्या पायाकडे त्यांनी थोडा वेळ संशयाने पाहिलं. मग त्यांनी बूट काढले, मागच्या सीटवर टाकले आणि पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घातली. मांडीवर पट्टा लावला.

"हे काय?" लेकीने विचारलं.

"चल," सर म्हणाले. "आता माझा इथे काही संबंध नाही."

पहिलं वळण शिंप्याच्या दुकानाशी होतं. गाडी त्याच्याकडे जशी रोज जायची तशीच निघाली. लेक वाट बघत होती. तिला कळतही नव्हतं की आपण वाट बघतोय. सरांच्या मांडीतला उजवा पाय आपोआप ताठ झाला, पण त्याला दाबायला काही सापडलं नाही, आणि जे इतके महिने पायातून जात होतं ते सगळं एकदम वर आलं.

"ब्रेक!" शांतसर ओरडले.

शिंप्याने मशीन थांबवून बाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघायला लागली. लेकीने ब्रेक दाबला आणि गाडी वळणाच्या अलीकडे थांबली. गाडीत दोघंही दम लागल्यासारखे बसले होते.

"बाबा, तुम्ही ओरडलात."

"हो."

"तुम्ही कधी ओरडत नाही."

"मला भीती वाटते," सर म्हणाले. ते इतक्या सरळ आवाजात म्हणाले की जणू डावीकडे घ्यायला सांगत होते. "तो रस्ता. ती दरी. तू तिकडे एकटी असणार. मला फार भीती वाटते गं."

लेकीने आरशात बघितलं, मागे कुणी नव्हतं. "मला पण वाटते," ती म्हणाली.

"तुला पण?"

"मग काय. पण मला जायचंय."

सरांनी मान हलवली. थोड्या वेळाने ते म्हणाले, "हा ब्रेक तुझा होता बरं का." मग लेकीने गाडी सुरू केली.

त्या दिवशी आणि त्यानंतर परीक्षेपर्यंत रोज, शांतसरांना मांडी घालून गाडीतून फिरताना आणि ओरडताना लोकांनी पाहिलं. आधी प्रत्येक वळणाला ओरडायचे, मग एका आड एक, मग नुसतं तोंड उघडून मिटायचे. पोटरी दुखायची थांबली, घसा बसला. बेकरीवाल्याला आणि बाकीच्यांना त्यांनी स्वतः जाऊन काय झालं ते सांगितलं आणि पुन्हा शिकवतो म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आधी जबडा उघडायला सांगितला आणि मग दाढा झिजल्याचं दाखवलं. तक्त्यावरचं हे एक कलमही, म्हणजे, त्यांचंच होतं. बेकरीवाल्याला इतका आनंद झाला की आपली चूक नव्हती हे त्याने आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला पाव बांधता बांधता सांगितलं. शांतसर हे नाव मात्र स्कूलमध्ये फार दिवस टिकलं नाही.

परीक्षेच्या दिवशी शिकवणाऱ्याला गाडीत बसू देत नाहीत. सर मैदानाबाहेरच्या बाकावर पाय वर घेऊन बसले. शेजारी बसलेल्या माणसाने थोडं सरकून जागा करून दिली. गाडी गेली, दिसेनाशी झाली, आणि सरांना वाटलं की आपण श्वास घ्यायचा विसरलोय. घेतला. गाडी आली. साहेब उतरले आणि कागद लेकीच्या हातात देत सरांकडे बघून म्हणाले, "पास आहे. वळणावर जरा जास्तच हळू करते. बैलगाडी बरी. पण पास."

लेक निघाली त्या सकाळी औषधांची गाडी दाराशीच उभी होती. सरांनी चाकं तपासली. पुन्हा तपासली. काच पुसली, जी स्वच्छ होती. एकच काम पुन्हा पुन्हा करणे, त्यांना आठवलं, आणि त्यांनी फडकं खिशात ठेवलं. त्यांनी लेकीला बरंच काही सांगायचं ठरवलं होतं. रात्री गाडी काढू नकोस, ओढ्याला पाणी असेल तर थांब, फोन कर. प्रत्यक्षात खिडकीशी वाकून ते म्हणाले, "मला करमणार नाही."

"माहितेय, बाबा," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "बाजूला व्हा आता. आरशात तुम्हीच दिसताय."

ते बाजूला झाले. गाडी निघाली. सर फाटकाशी उभे होते आणि बायको त्यांना खेटून उभी होती. गाडी शिंप्याच्या दुकानाकडे चालली होती, वळण जवळ येत होतं आणि गाडी काही हळू होईना. सरांच्या उजव्या पायाची बोटं बुटात आवळली गेली. टाच उचलली गेली. तेवढ्यात बायकोने आपला पाय त्यांच्या बुटावर ठेवला आणि त्यावर अंगाचा सगळा भार टाकला.

"अगं, दुखतंय."

"दुखू दे. तिकडे बघा."

सरांनी बघितलं. गाडी तशीच चालली होती. आणि मग, वळणाच्या बरोबर अलीकडे, मागचे दोन लाल दिवे लागले.

"तिचा," सर म्हणाले.

मग बायकोने पाय उचलला.